सुट्या प्रकरणांचं वाचनालय

नव्या कादंबरीची पाठ विळीच्या पात्याला लावून रत्नाबाईने शिवण कापायला घेतली, आणि नेमके त्याच वेळी निरीक्षकसाहेब वाचनालयाच्या दारात येऊन उभे राहिले.

पुस्तक कोरं करकरीत होतं. पहिल्याच पानावर सरकारी मदतीचा जांभळा शिक्का. साहेबांचं नाव पाठारे. पुण्याहून एस.टी.ने पौड, तिथून मिळेल त्या ट्रकने धरणापर्यंत आणि पुढची चढण पायी, असं करत ते नव्या सावरवाडीला पोचले होते. बुटांना हा चिखल. ग्रंथालयांचा नवा कायदा झाल्यापासून खेडोपाडीची वाचनालयं तपासायची आणि चांगली दिसतील त्यांना मान्यता नि अनुदान मिळवून द्यायचं, ही त्यांची नोकरी. ती ते मनापासून करत. आणि इथे बघतात तर एक बाई सरकारी पुस्तक भोपळ्यासारखं चिरत बसलेली.

“अहो, हे काय करताय?”

“पुस्तक सोडवतीया,” रत्नाबाई म्हणाली. घाईने विळी बाजूला सारावी, पुस्तक पदराखाली घ्यावं, असं काही तिने केलं नाही. “बसा, सायेब. दोनच टाके ऱ्हायल्यात.”

ते दोन टाके तिने कापले. मग सुट्या पानांमधून एकेक प्रकरण वेगळं केलं आणि सिमेंटच्या पिशवीचा जाड कागद वरून घालून दाभणाने शिवायला घेतलं. एक प्रकरण संपून त्याच पानावर दुसरं सुरू होत असेल, तर तेवढ्या ओळी ती कागदावर उतरवून पुढच्या गठ्ठ्याला जोडायची. हात इतका बसलेला होता की ही पहिली कादंबरी नव्हे, हे कुणालाही कळलं असतं.

पाठाऱ्यांनी खोलीत नजर फिरवली. कपाट होतं, त्याला काचा होत्या, पण आत गेल्या सालचं पंचांग आणि उंदराचा पिंजरा.

“बाकीची पुस्तकं कुठायत?”

“गावात.”

“सगळी?”

“मग? वाचनालय हाय न्हवं?”

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि ते खरंच बसले. माणूस वाईट नव्हता. आधी ऐकून घ्यायचं, मग लिहायचं, अशी त्यांची पद्धत होती. म्हणून रत्नाबाईनेही सांगितलं.

पहिल्या वर्षी तिने पुस्तकं अख्खीच दिली होती. तेव्हा वाचक म्हणजे वरच्या आळीतले चार बाप्ये आणि शाळेचे मास्तर. मास्तरांनी एक कादंबरी ज्येष्ठात नेली ती दसऱ्याला आणून दिली, तीही कोरीच. बायकांनी तर हातच लावला नाही. लावणार कसा? सुनेच्या हातात जाडजूड पुस्तक दिसलं की सासू विचारणार, घरातली कामं संपली का गं तुझी? मग एका श्रावणात देवळात पोथी लागली. पोथीची पानं सुटी. ज्याच्या वाट्याला जो अध्याय येईल तो त्याने वाचायचा. रत्नाबाई ते बघत बसली होती, आणि तिथेच तिच्या डोक्यात आलं की कादंबरीने असं काय घोडं मारलंय?

तेव्हापासून गावात प्रकरणं फिरायला लागली. एक प्रकरण कमरेच्या ओच्यात बसतं. चुलीपुढे भाकरी फुगेस्तोवर अर्धं पान होतं. खाचराच्या बांधावर, जात्याशी, पाणवठ्यावर, कुठेही उघडावं आणि कुठेही मिटावं. जे हाताला येईल ते वाचायचं, मग पाचवं आधी आणि दुसरं नंतर का असेना. पाणवठ्यावर भांडणं लागत ती याचीच. वरच्या माळावर मेंढरं राखणारी बायजा धनगरीण रत्नाबाईकडेच अक्षरं शिकली होती. तिला एकदा शेवटचं प्रकरण पहिल्यांदा मिळालं, तर तिने शेवटी कोण मरतं ते सगळ्या गावाला सांगून टाकलं. तिच्याशी कितीतरी दिवस कुणी बोलत नव्हतं.

पाठाऱ्यांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीतच ठेवलं.

“ताई, तुमची कळकळ कळते मला. पण पुस्तक असं राहत नाही. एक प्रकरण हरवलं की बाकीची सगळी रद्दी. आज तुम्ही वाचाल, दहा वर्षांनी जो मुलगा वाचायला येईल त्याच्यासाठी काय शिल्लक राहील?”

हा प्रश्न रत्नाबाईला लागला. तिने दाभण थांबवलं.

“त्ये खरं हाय,” ती म्हणाली. “पर सायेब, कपाटातलं पुस्तक दहा काय, वीस वर्सं टिकंल. कपाटाला वाचता येत न्हाई, म्हनूनच टिकंल.”

तेवढ्यात हैबतराव आले. ते वाचनालयाचे अध्यक्ष, आणि रत्नाबाईचे सासरे. साहेब आल्याची वर्दी कोतवाल कोंडाजीने दिल्याबरोबर ते फेटा बांधतच निघाले होते. त्यांनी सुनेकडे बघितलं, विळीकडे बघितलं, आणि काय घडलंय ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

“पोरीची जात, सायेब. अडाणी हाय. तुमी फकस्त काय करायचं त्येवढं सांगा.”

साहेबांनी सांगितलं. सगळी प्रकरणं गोळा करा, पुस्तकं पुन्हा बांधून घ्या, कपाटात लावा, एका वाचकाला एक पुस्तक द्या. मळणी झाली की मी परत येईन. तोवर एवढं झालं तर मान्यता मिळवून द्यायचं माझ्याकडे लागलं. दरसाल अनुदान येईल, नवी पुस्तकं येतील. नाही झालं, तर सरकारी मदतीतून आलेली पुस्तकं मला पौडच्या वाचनालयाकडे वर्ग करावी लागतील.

“तुम्हाला सूट दिली, तर उद्या दुसरं गाव म्हणेल आम्हीही चिरतो. त्यांना मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?”

“बरोबर हाय,” हैबतराव म्हणाले. “समदं हुईल.”

“न्हाई हुनार,” रत्नाबाई म्हणाली. “मी बांदनार न्हाई.”

चहा आला, साहेबांनी तो बशीत ओतून प्यायला आणि उतार उजेडात उतरायचा म्हणून ते निघून गेले.

दिवेलागणीला ओट्यावर सासऱ्याने सुनेला समोर बसवलं. हैबतराव चिडले की आवाज चढवत नसत, उलट उतरवत. आज त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

“तुला म्हाईत हाय, जुनी सावरवाडी कुटं हाय ती?”

“पान्यात.”

“पान्यात. धरन झालं तवा मी मेंढराएवढा व्हतो. आई बांधावर आडवी पडलेली बगितली हाय म्या, पोलिसांनी उचलून बाजूला केली तिला. आमी हितं वर आलो, घरं बांदली, इतकी वर्सं झाली. पर नकाशात बग. पौडात कुनाला इचार, नवी सावरवाडी म्हनून. कागदावर आपन न्हाईच गं.” त्यांनी घसा साफ केला. “त्या दारावर पाटी लागंल. शासनमान्य वाचनालय, नवी सावरवाडी. सरकारी अक्षरात. मला मराच्या आदी त्येवढं बगायचंय.”

रत्नाबाईला हे माहीत नव्हतं. तिला वाटायचं, म्हाताऱ्याला मिरवायची हौस आहे. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिला सासऱ्याची दया आली, आणि आपण तरीही ऐकणार नाही हेही त्याच वेळी कळलं.

“मामंजी, पाटी लागंल. पर पाटीच्या आत कोन आसंल? मास्तर आन त्ये चारजन. पाटी बायजाला काय उपेगाची? सगुनामावशीला काय उपेगाची? ह्या गावात बायका पयल्यांदा एकमेकींस्नी विचारत्यात, फुडं काय झालं म्हनून. मी त्ये माज्या हातानं शिवून टाकनार न्हाई.”

“मग किल्ली दे.”

तिने कमरेची किल्ली सोडली आणि ओट्यावर, त्यांच्या हाताजवळ ठेवली. रडायला तिला आलं होतं, पण ती रडली नाही. उठून भाकऱ्या थापायला गेली आणि त्या दिवशी सगळ्या करपवल्या.

दुसऱ्या दिवशी कोंडाजीने दवंडी पिटली. ज्याच्याकडे जे प्रकरण असेल ते साहेब येतील त्या दिवशी वाचनालयात जमा करायचं. रत्नाबाईने कुणाला काही सांगितलं नाही. न देण्याबद्दल तर नाहीच. ज्यांना सासवा होत्या, नवरे होते, त्यांना आपल्यासाठी भांडायला लावणं तिला बरं वाटेना. पाणवठ्यावर बायका तिच्याकडे बघत आणि ती घागर भरून निघून येई.

वाचनालय आणि तिथे मागे राहिलेलं एखाददुसरं प्रकरण आता हैबतरावांच्या ताब्यात होतं. दुपारची जेवणं झाली की ते तिकडे जात, दार आतून लावून घेत. साहेबांसाठी साफसफाई चाललीय, असं घरात सांगत. त्यांची चौथी झालेली, पण त्यातली सहीपुरतीच अक्षरं उरलीत अशी सगळ्यांची समजूत होती.

मळणी आटोपली आणि बोलल्याप्रमाणे पाठारे आले. या वेळी रस्ता कोरडा होता. सोबत त्यांनी बांधणी करणारा एक माणूसही पुण्याहून आणला होता, स्वतःच्या शब्दावर. इतका तो भला गृहस्थ. हैबतरावांनी कपाट पुसून लख्ख केलं होतं, पंचांग आणि पिंजरा हलवला होता. वाचनालयापुढच्या अंगणात बायका जमल्या. बाप्ये मागे भिंतीला टेकून उभे राहिले. रत्नाबाई पायरीच्या कडेला बसली, किल्ली नसलेली.

“हं, द्या एकेक,” पाठारे म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं.

सगुणाबाई पुढे आली. गावातली सगळ्यात गरीब स्वभावाची बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

“माजं हरवलं.”

“हरवलं?”

“व्हय. गवताच्या गंजीत गेलं आसंल.”

पाठाऱ्यांनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं. “बरं. पुढे?”

“माजं बी हरवलं,” चंद्राबाई म्हणाली. “म्हशीनं खाल्लं.”

“माजं पान्यात पडलं.”

“माजं कुटं गेलं काय की.”

रत्नाबाईने मान वर केली. साळूबाई, धोंडाबाई, मास्तरांची बायकोसुद्धा, एकामागून एक पुढे येत होत्या, हात मोकळे दाखवत होत्या आणि मागे सरत होत्या. कुणी हसत नव्हतं. शेवटी बायजा आली, खांद्यावर घोंगडं, पायात धूळ.

“माजं मेंढरात हरवलं,” ती म्हणाली. “लई हुडकलं, सायेब.”

मागे एका नवऱ्याने बायकोला दरडावायला तोंड उघडलं आणि अंगणातल्या बायकांनी एकदम वळून बघितल्यावर ते मिटलं.

पाठाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते हैबतरावांकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरं म्हणजे थोडं वाईटच वाटत होतं.

“अध्यक्ष, मला जे दिसतंय तेच मी लिहिणार. मान्यता मिळणार नाही. पाटी नाही, अनुदान नाही, नवं पुस्तक नाही. पुन्हा अर्ज करायला किती वर्षं जातील सांगता येत नाही. तुमचा शब्द गावात चालतो. एकदा सांगून बघा.”

सगळं अंगण हैबतरावांकडे बघायला लागलं. ते दाराच्या चौकटीवर हात ठेवून उभे होते. जिथे पाटी लागायची होती तिथे त्यांनी वर एकदा बघितलं. फेटा नीट होता तरी पुन्हा नीट केला.

“लिवा, सायेब,” ते म्हणाले. “अध्यक्षाचं बी हरवलं.”

“तुमचं? तुमच्याकडे कुठलं होतं?”

“सातवं. त्या पोरीला रातच्याला घराभायेर काडत्यात, तितपतूर.” हैबतराव बोलता बोलता थांबले, आणि मग त्यांना राहवलंच नाही. “फुडं तिला कुनी दारात घेतलं का न्हाई, त्ये काय कळंना बगा. आठवं अजून माज्याकडं आलंच न्हाई.”

पाठाऱ्यांचं तोंड उघडं राहिलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. रत्नाबाई पायरीवरून उठली. तिचा आवाज साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असाच निघाला, साहेबांनाही.

“आठवं बायजाकडं हाय, मामंजी.”

“व्हय,” बायजा म्हणाली. “पर माजी अजून दोन पानं ऱ्हायल्यात.”

“मग बस की हितं सावलीला आन वाच,” हैबतराव म्हणाले. “मोठ्यानं वाच. आन कोंडाजी, सायेबांस्नी खुर्ची दे.”