उसनी पाच पोरं

नानासो मास्तरांच्या गणिताला आष्ट्यात तोड नव्हती, पण ते फक्त सहावी 'अ'मध्ये. सत्तेचाळीस साली साताऱ्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून मला त्यांचे तास पाहायला धाडलं होतं. पंधरा दिवस मी मागच्या बाकावर बसले. 'अ'मध्ये पोराचं उत्तर चुकलं की मास्तर खडू खाली ठेवून विचारत, "कसं काढलंस, सांग बघू." पोरगं सांगता सांगता स्वतःच चूक धरायचं. तेच मास्तर भिंतीपलीकडे 'ब'मध्ये गेले की फळ्याकडे तोंड करून गणित सोडवायचे आणि पोरं मुकाट उतरवून घ्यायची. कुणाचं चुकलं तर एकच शब्द, "बस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. शेवटी एकदा विचारलंच, 'ब'मध्ये असं का म्हणून.

"बनुबाई, खडकावर पेरून उगवतंय व्हय?" मास्तर हसले.

आणि माझा परीक्षेचा पाठ नेमका 'ब'मध्येच आला. नापास झाले तर घरचे दुसऱ्यांदा शिकायला पाठवणार नव्हते. मास्तरांनी मायेनंच वाट काढली. "'अ'मधली पाच पोरं आणून म्होरल्या बाकावर बसवू. परीक्षकाला काय कळतंय? समदेच तसं करत्यात."

खोटं कशाला बोलू, मी हो म्हणाले. पाठाच्या दिवशी ती पाच पोरं दप्तरं घेऊन दारात आली. त्यांना बघताच पुढच्या बाकावरची पोरं कुणी न सांगता उठली आणि मागं सरकू लागली. ती सवय बघून माझा जीव तुटला. मी पाचांना परत पाठवलं आणि उठलेल्यांना जागेवर बसवलं.

परीक्षक आले, मास्तर मागं बसले. मी फळ्यावर एका बाजूला कललेलं शेत काढलं, चारही बाजू दहा-दहा हात. "क्षेत्रफळ किती?"

बिराप्पा उठला. "शंभर चौरस हात."

चूक! परीक्षकांची पेन्सिल वहीवर टेकली. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"कसं काढलंस?" मी विचारलं.

तो गोंधळला. "आज्जा असंच मोजतोय. समोरासमोरच्या बाजू मिळवायच्या, निम्म्या करायच्या, मग गुणायचं."

"बाकीच्यांना पटतंय?"

सलिमा उठली. तिचे वडील खाटा-बाजा विणायचे.

"न्हाई पटत, बाई. बाज ढिली होऊन कलली तर लाकडं तेवढीच ऱ्हात्यात, पर निजायला जागा कमी हुती."

तिनं कोपऱ्यातल्या खराट्याच्या चार सारख्या काड्या घेतल्या, टोकं दोऱ्यानं बांधून चौकट केली आणि बिराप्पासमोर धरली. मग ती तिरकी दाबत गेली, पार काडीला काडी चिकटेपर्यंत. "बाजू तेवढ्याच हायत. आता सांग रं, आज्ज्याचं शंभर कुटं गेलं?"

वर्ग खो-खो हसला, बिराप्पासुद्धा. मग तो एकदम ओरडला, "म्हंजे तिरकी बाजू न्हाई, उभी उंची धराय पायजे!" आणि पुढं येऊन फळ्यावर त्यानं ती रेघ स्वतः ओढली. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

परीक्षक खूश होऊन उठले. "वा, नानासो! ही तुमची 'अ' तुकडी ना?"

मास्तरांनी तोंड उघडायच्या आत चाळीस गळे गरजले, "न्हाई! आमी 'ब'!"

मास्तरांनी टोपी काढून घाम पुसला. "व्हय साहेब, 'ब' हाय," ते म्हणाले. "मीच त्यांस्नी कवा काय इचारलं न्हाई."