एकशे चाळीस पावलांचा ठोकळा

मित्रांनो, माझे खरे नाव व्याख्यानपीठ. पण एवढे लांबलचक नाव घ्यायला विद्यार्थ्यांना वेळ कुठला? त्यांनी मला ठोकळा म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव मला चिकटले ते चिकटलेच. शिसवी लाकडाचा, माणसाच्या छातीइतका उंच, अंगाने दणकट असा मी एक जुना ठोकळा आहे. वर तिरकी फळी, कागद घसरू नये म्हणून तिला पट्टी आणि आत एक कप्पा. त्या कप्प्यात आजवर खडू राहिले, चष्मे राहिले आणि एका वक्त्याची कवळीसुद्धा आठवडाभर मुक्कामाला होती.

माझा जन्म झाला तेव्हा आमचे विद्यापीठ दोन इमारतींचे होते. एक प्रार्थनागृह, समोर व्याख्यानगृह आणि मध्ये अंगण. आवारातले शिसवीचे झाड वादळात आडवे झाले. सुतारदादांनी ते ठोकून पाहिले आणि सांगितले, की आतून पोकळ आहे, यातून एकच ठोकळा निघेल. झाले, भांडणाला तोंड फुटले! विद्यापीठ काढणारे दोघे होते, पाळकसाहेब आणि गणिताच्या बाई. पाळकसाहेबांना मी शास्त्रपाठ वाचण्यासाठी प्रार्थनागृहात हवा होतो. बाईंना शिकवण्यासाठी व्याख्यानगृहात हवा होतो. दोघेही येशूला मनापासून मानणारे आणि दोघेही एकापेक्षा एक हट्टी. दोन दिवस कोणी माघार घेईना.

तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब एकदम हसायला लागले.

"बाई, आपण विद्यापीठ काढतोय कशाला? देव इकडे आणि गणित तिकडे अशी वाटणी करायला? खरं ते सगळं त्याचंच आहे. प्रार्थनेत जो खरं बोलतो, त्यानं प्रयोगशाळेतही खरंच बोलायला हवं. आणि इथं शिकलेलं शेजाऱ्याच्या उपयोगी पडलं नाही, तर ते शिकणं अर्धंच. ठोकळा एकच राहू दे. सकाळी प्रार्थनेला, मग वर्गाला."

"ते ठीक आहे," बाई म्हणाल्या, "पण रोज उचलणार कोण?"

"जो बोलणार, तो उचलणार."

असा आमच्या विद्यापीठाचा पहिला नियम ठरला. गंमत म्हणजे सुतारदादांना माझी मापे बाईंनीच दिली होती. केसभरही चूक नव्हती. फक्त व्याख्यानगृहाचे दार मोजायचे तेवढे राहून गेले! दार निघाले अरुंद आणि बुटके, त्यामुळे मी उभा आत जात नाही. मला आडवे करावे लागते आणि पुढच्या माणसाला वाकून, पाठमोरे आत शिरावे लागते. गणिताच्या बाई स्वतः जन्मभर तशाच वाकून शिरल्या. दार मोठे करू का, असे कोणी विचारले, की त्या विषय बदलत.

एकट्याने उचलण्याइतका मी हलका नाही. बोलणारा एका टोकाला आणि अंगणात जो सापडेल तो दुसऱ्या टोकाला, अशी आमची वरात निघे. प्रार्थनागृहापासून व्याख्यानगृहापर्यंत एकशे चाळीस पावले. कधी कुलगुरू आणि झाडूवाल्या मावशी, कधी पाहुणे पंडित आणि वसतिगृहाचा आचारी. एवढे अंतर गप्प कोण चालणार? वसतिगृहाचे छप्पर गळते, हे कुलगुरूंना अर्जातून कधीच कळले नव्हते, ते सत्तराव्या पावलाला आचाऱ्याकडून कळले. इतिहासाच्या सरांना तर मला उचलून अशी धाप लागे, की चार दिवसांत त्यांनी आपली व्याख्याने निम्मी केली. विद्यार्थ्यांनी त्यासाठी माझे जाहीर आभार मानले होते. मला फार अभिमान वाटायचा. पदवी घेऊन निघालेली मुले जाताना माझ्यावर एक थाप मारून जात.

मग चाकांचा नवा ठोकळा आला. गुळगुळीत, चकचकीत, पोटात माइक. एका बोटाने ढकलला की चालू लागे. त्याच सुमारास विद्यापीठाची ध्येये आणि उद्दिष्टे बारा कलमांत नीट लिहून, छापून कार्यालयाबाहेर लावली गेली. कलमे चांगली होती हो, मी उगाच नाव ठेवणार नाही. पण मला कोणी विचारेनासे झाले. मी माळीकाकांच्या खोलीत जाऊन पडलो. काकांनी माझ्या कप्प्यात बियांच्या पुड्या ठेवल्या. दर शनिवारी ते मला ओल्या फडक्याने पुसत, म्हणून निदान वाळवी लागली नाही. तरी खरे सांगतो मित्रांनो, फार एकटे वाटायचे.

एका सकाळी खोलीच्या दारात रसायनाचे सर उभे राहिले. सर अंगाने भारदस्त आणि नावाजलेले. नदीकाठच्या वस्तीतल्या साठ घरांना त्यांनी वाळू आणि कोळसा भरलेले, पाणी गाळायचे मडके दिले होते. त्या दिवशी विद्यापीठाची तपासणी करायला समिती आली होती आणि सगळ्यांसमोर सर त्या मडक्यावर बोलणार होते.

"काका, ठोकळा कुठंय?"

"हा काय. का हो, चाकंवाला बिघडला?"

"नाही. तो फार लवकर पोचतो."

काकांनी पुड्या काढल्या. दोघांनी मला उचलले. कितीतरी वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडले! वीसेक पावले झाली आणि सर धापा टाकत म्हणाले, "काका, माझं चुकलंय. मी लोकांना सांगितलं, मडक्यातली वाळू वर्षातून एकदा बदला. ती तीन आठवड्यांतच निकामी होते. पाणी दिसतं स्वच्छ, पण जंतू तसेच राहतात."

"कोण म्हणतं?"

"माझी विद्यार्थिनी. ती, शंकाबाई म्हणून चिडवतात ती. काल आली न् म्हणाली, सर, मी तीनदा मोजलं, आता तुम्ही मोजा. मी पाचदा मोजलं. पोरगी बरोबर आहे."

"मग सांगून टाका."

"आज? समितीसमोर? सेवेच्या कलमाखाली माझंच मडकं मांडलंय, काका. सगळ्या विद्यापीठाची लाज जाईल. शिवाय तिची पदवी माझ्या सहीवर आहे, ती कुठं बोलणार नाही. समिती गेली की गुपचूप सांगता येईल वस्तीत. चार दिवसांनी."

काकांनी माझ्याखालची पकड बदलली. मग म्हणाले, "माझ्या बहिणीकडं आहे तुमचं मडकं. तिचा नातू दीड वर्षाचा आहे."

सर जागच्या जागी थांबले. "आजारी आहे?"

"अजून तरी नाही. पण सर, तुम्ही असे थांबलात की माझ्या कमरेची वाट लागते. चला."

उरलेली पावले दोघांनी न थांबता टाकली. दारात सर वाकून, पाठमोरे आत शिरू लागले आणि मध्येच अडकले. समितीचे पाच जण, कुलगुरूबाई, भरलेले सभागृह, सगळ्यांना आधी सरांची पाठच दिसली. हशा पिकला. काकांनी पलीकडून एक रेटा दिला तेव्हा कुठे आम्ही आत आलो.

सरांनी माझ्या फळीवर दोन्ही हात ठेवले. समोर पुसून लखलखीत केलेले मडके होते.

"या मडक्याबद्दल मी जे सांगत आलो, ते अर्धं चूक आहे," ते म्हणाले. "वाळू दर तीन आठवड्यांनी बदलायला हवी. वस्तीतले लोक आज जे पाणी पितायत, ते चांगलं नाही. चूक माझी. शोधली हिनं. ये गं, पुढं ये."

कुलगुरूबाईंचा चेहरा पाहवत नव्हता. शंकाबाई आली, पण ती एवढी बुटकी, की माझ्यामागे उभी राहिल्यावर फक्त तिचा चष्मा दिसू लागला. कुलगुरूबाई उठल्या. आता काय होते, म्हणून माझा तर जीव टांगणीला लागला. त्यांनी कोपऱ्यातले स्टूल स्वतः आणले आणि तिच्या पायाशी ठेवले.

शंकाबाईने पाच मिनिटांत सगळे समजावले. शेवटी तिने विचारले, "नवी वाळू धुऊन उन्हात वाळवावी लागेल. साठ घरांची. आपल्याकडं माणसं किती आहेत?"

समितीच्या प्रमुख आजी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी हातातली जाडजूड फाईल खुर्चीवर ठेवली.

"मोजताय काय? ही सगळी बसलीयत ना. वाळू कुठं आहे ते दाखवा. आणि आधी कोणीतरी धावत जाऊन वस्तीला सांगा, आज पाणी उकळूनच प्या."

काका तर निघालेच होते. त्यांच्यामागे सर, कोट काढून. मग रांगाच्या रांगा उठल्या. बादल्या, घमेली, चाळण्या यांचा आवाज अंगणातून माझ्यापर्यंत येत राहिला. समितीने पुढे अहवालात काय लिहिले, ते मला कोणी वाचून दाखवले नाही. मीही विचारले नाही.

सभागृहात मी आणि ती फाईल, एवढेच उरलो. मला परत न्यायचे त्या दिवशी सगळे विसरले. दुसऱ्या दिवशीही विसरले. माझ्यावर धूळ बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिचे काही वाटले नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. फडके मारा, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, फार बरे वाटते. पण माझ्यासमोर बसलेले असताना कळले, की शेजारच्या एखाद्या घरात बाळ वाईट पाणी पिते आहे, तर मला जागेवर ठेवायलाही थांबू नका. दार उघडे टाका आणि पळा.