भाकरी दुय्यम

मैनाबाई संगमनेरकडची. तारापूरच्या बाजूला मोठं बांधकाम निघालंय, गवंड्याला रोज काम आहे, असं कुणीतरी तिच्या नवऱ्याला, आनंदाला सांगितलं आणि पासष्ट साली दोघं वळकटी घेऊन बोईसरला उतरली. आनंदाला एका ठेकेदाराकडे काम मिळालं. मैनाबाईला काम शोधावं लागलं नाही, ते तिच्या दारात येऊन बसलं. आनंदाच्या बरोबरचे दोन गवंडी एका रविवारी जेवायला आले आणि मग रोजच येत राहिले. त्यांच्यामागून आणखी आले. ओटीवर पंगत बसायला लागली, तेव्हा लोक त्या घराला खानावळ म्हणू लागले.

तिथं मैनाबाई सगळंच करायची. भाकरी, कालवण, डाळ, भात तर होताच. शिवाय कुणाला ताप आला तर काढा, कुणाचं बटण तुटलं तर सुईदोरा, दोघं भांडले तर निवाडा. पाणी भरायला आणि वाटणाला डोंगराकडच्या पाड्यावरची ठकी यायची. भातकापणी उरकली की ती आणि तिच्या घरचे कामाला खाली उतरत. दोघी दिवसभर राबायच्या आणि संध्याकाळी एकमेकींकडे बघून विचारायच्या, आज नेमकं केलं काय?

पंगतीत नाबर नावाचे एक ओव्हरसियर जेवायला असत. मूळचे सावंतवाडीचे. बोईसर स्टेशनापासून आत ठेकेदाराच्या गोदामापर्यंत एक रस्ता करायचा होता, तो त्यांच्याकडे होता. त्यांना नाशिकला कसल्याशा प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथून ते परतले ते वेगळेच होऊन. पूर्वी वाढलेलं मुकाट जेवायचे, आता ताटाकडे विचार करत बघायचे.

एका दुपारी हात धुतल्यावर ते तिथंच उभे राहिले.

"वहिनी, एक विचारू? तुम्ही दिवसभर इतकी कामं करता. त्यातलं खरं काम कुठलं?"

"सगळीच की, साहेब."

"सगळीच खरी असतील तर एकही खरं नाही. आम्हाला तेच शिकवलं. शंभरातलं एक काम मुख्य, बाकीची दुय्यम. माणूस दुय्यम कामांत मरतो आणि मुख्य काम तसंच राहतं. ते एक शोधा. ते धरा. बाकी सोडा."

"सोडलं तर करील कोन?"

"कुणीच नाही," नाबर शांतपणे म्हणाले. "आणि काही बिघडत नाही, हेच तर मर्म आहे."

मैनाबाईला हे पटलं म्हणावं तर पटलं नव्हतं, पण डोक्यातून जाईना. तिला आजवर कुणी असं काही विचारलंच नव्हतं. भाजी आळणी का, हे विचारायचे. त्या रात्री ताटं उचलताना ती प्रत्येक ताट निरखून बघत राहिली. भात उरला होता. डाळ उरली होती. वांग्याच्या फोडी कडेला सारून ठेवल्या होत्या. भाकरीचे तुकडेसुद्धा होते. पण ठेचा एकाही ताटात नव्हता. कुंभवलीहून येणाऱ्या एका लोहाराने तर ठेच्याची जागा बोटाने पुसून स्वच्छ केली होती.

"ठके," ती म्हणाली, "मला घावलं."

"काय घावलं, बाय?"

"मुख्य काम."

दुसऱ्या दिवशी मनोरच्या बाजारातून हिरव्या मिरच्यांचं पोतं आलं. सकाळपासून तवा तापला, मिरच्या भाजल्या, लसूण सोलला, वरवंटा फिरला. दुपारी पंगत बसली. प्रत्येकाच्या ताटात मधोमध ठेच्याचा एक गोळा पडला. माणसं बाकीच्या जेवणाची वाट बघू लागली. मैनाबाई हात पुसून खांबाला टेकून बसली.

"भाकरी?" आनंदाने विचारलं.

"भाकरी दुय्यम."

आनंदाने नाबरांकडे पाहिलं. सगळ्या पंगतीने नाबरांकडे पाहिलं. नाबर तत्त्वाचे माणूस होते. त्यांनी गोळ्याचा चिमूटभर तुकडा तोडला, तोंडात घातला, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या असताना म्हणाले, "बरोबर केलंत, वहिनी."

एवढ्यावर खानावळ बंद पडायला हवी होती. पण ठेचा खरोखर चांगला होता, कारण आता तिचं सगळं लक्ष त्याच्यावरच होतं. लोक भाकरी कुठून कुठून करून आणू लागले. कोणी नुसता पाव आणायचा, कोणी फडक्यात भात बांधून आणायचा. मासे विकायला नवापूरहून लाडकी यायची, ती सुक्या बोंबलांची टोपली घेऊन ओटीखाली बसायची; तिचा धंदा दुपटीने वाढला. पंगत पूर्वीपेक्षा मोठी झाली. प्रत्येकाने आपापलं आणायचं आणि मैनाबाईचा ठेचा लावून खायचा.

हळूहळू बोईसरात ही गोष्ट पसरली. दामू न्हाव्याने ठरवलं, माणसाच्या तोंडावर मुख्य काय तर मिशी. तो फक्त मिशा कोरू लागला. दाढ्या वाढलेली, केस कानांवर आलेली माणसं सुबक मिशा घेऊन हिंडू लागली. महादू शिंप्याने विचार केला, माणूस सदरा शिवतो कशाला, तर खिशासाठी. अंग झाकायला पंचासुद्धा चालतो. तो नुसते खिसे शिवू लागला. लग्नाचे कपडे टाकलेला एक नवरदेव दुकानावर आला तेव्हा त्याला दोन उत्तम खिसे घडी करून मिळाले. महादू त्याला म्हणाला, "शिवण बघा, उभ्या जन्मात उसवायची नाही." नवरदेवाने शिवण पाहिली. खरंच चांगली होती. तो खिसे घेऊन गेला.

मैनाबाईची मात्र वेगळीच पंचाईत झाली. ठेचा सकाळीच वाटून व्हायचा. मग सगळा दिवस समोर पडलेला. लहानपणापासून तिच्या हाताला कधी रिकामा वेळ लागला नव्हता. ती ओटीवर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. एकदा तिने सारवलेली जमीन परत सारवायला घेतली, तर ठकीने शेणाची पाटीच उचलून नेली.

"ते दुय्यम हाय, बाय."

शेवटी एका दुपारी लाडकी रिकामी टोपली घेऊन परत निघाली होती, तिला मैनाबाईने विचारलं, "तुझं गाव किती लांब हाय गं?"

"हाय की हितंच. चल ना."

बोईसरला येऊन मैनाबाईला दोन पावसाळे झाले होते. समुद्र जवळ आहे हे तिला वाऱ्यावरून आणि बोंबलांवरून माहीत होतं, पण बघितला नव्हता. ती, ठकी आणि लाडकी चालत नवापूरला गेल्या. सुरूच्या झाडांमधून बाहेर पडल्यावर मैनाबाई थांबली. मग वाळूवर बसली.

"येवढं पानी," ती म्हणाली, "आन काईच काम करत न्हाई."

"करतंय ना," लाडकी म्हणाली. "येतंय नि जातंय."

"आन दुय्यम?"

"दुय्यम त्याला कायबी नाय."

मैनाबाई हसली. का हसली ते तिलाही कळलं नाही. पायावरून लाट गेली तेव्हा तिला वाटलं, आपण इथं पूर्वीच यायला हवं होतं, आणि मग वाटलं, पूर्वी आलो असतो तर कालवण कुणी केलं असतं. परतताना पोटात अशी आग पडली की वाटेत लाडकीने दिलेला भाजलेला बांगडा तिने काट्यासकट संपवला.

इकडे नाबरांनी रस्त्याचं मुख्य काम शोधलं होतं. रस्त्याच्या वाटेत एक ओहोळ होता. नाबर म्हणाले, रस्ता काय, माती टाकली की झाला. अडतं ते ओहोळाशी. तेव्हा पूल मुख्य. माती टाकणारी सगळी माणसं काढून त्यांनी पुलावर लावली. आनंदा तिथंच होता. पूल दगडी, कमानीचा, पुरुषभर उंच. असा पूल आपल्या हातून झाला म्हणून आनंदाला अभिमान वाटायचा, पण रात्री तो बायकोला सांगायचा, "वर चढायला शिडी लागतीया."

खरंच लागत होती. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं होती आणि मधे पूल. रस्ता कुठून येणार आणि कुठे जाणार हे फक्त नाबरांना ठाऊक होतं.

पूल पुरा झाला तेव्हा मुंबईहून ठेकेदाराचे मोठे साहेब पाहणीला यायचं ठरलं. त्यांचं जेवण पुलावरच द्यायचं, असा नाबरांचा आग्रह. मैनाबाईने ठेच्याचं भांडं घेतलं, ठकीने पाण्याची घागर घेतली, आणि दोघी शिडीने वर चढल्या.

साहेब जीपमधून आले. जीप खाचरात अडकली, म्हणून बांधावरून चालत आले. वयस्कर, अंगाने भरलेले, सकाळपासून प्रवासात. शिडीवर त्यांना खालून आनंदाने आणि वरून नाबरांनी धरलं. वर आल्यावर त्यांनी घाम पुसला आणि चारी बाजूंना नजर फिरवली.

"नाबर, रस्ता कुठे आहे?"

"रस्ता दुय्यम आहे, साहेब."

साहेबांनी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. कमानीखाली सुकलेली जमीन होती. एक बकरी बसली होती.

"आणि ओहोळ?"

"तो बाजूला वळवला. बांधकामाला अडचण होत होती." नाबरांनी पलीकडे बोट दाखवलं. बऱ्याच अंतरावर ओहोळ आपला मजेत वाहत होता.

"परत आणणार?"

"सवडीने."

साहेब पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, तिथं खाली बघितलं, आणि परत आले. मग ताटावर बसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मैनाबाईने ठेच्याचा गोळा वाढला. साहेब वाट बघत राहिले. ऊन डोक्यावर आलं. साहेबांच्या पोटातून आवाज आला, तो सगळ्यांना ऐकू गेला.

"याच्याबरोबर काय?" त्यांनी हळूच विचारलं. मोठ्या माणसाने इतक्या हळू विचारलेलं मैनाबाईने कधी ऐकलं नव्हतं.

ती काही बोलायच्या आत ठकीने आपल्या पदराची गाठ सोडली. तीत स्वतःसाठी घरून आणलेली नाचणीची भाकरी होती, आदल्या दिवशीची, चामड्यासारखी झालेली. तिने अर्धी मोडून साहेबांच्या ताटात ठेवली.

"कालची हाय," ती म्हणाली. "आमी खातूं."

साहेबांनी ती भाकरी खाल्ली. डोळे मिटून, सावकाश, ठेचा लावून लावून खाल्ली, आणि उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे असं पाहिलं की ठकीने तीही दिली. पाणी प्यायल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर शांतता पसरली. पूल, बकरी, वळवलेला ओहोळ, सगळं आता त्यांना जिथल्या तिथं दिसू लागलं असावं.

"नाबर," ते म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसाची जागा इथं नाही."

नाबरांची मान खाली गेली.

"तुम्ही नाशिकला जा. तिथं शिकवा."

नाबरांना नाशिकला नेमलं गेलं. जाताना ते मैनाबाईच्या पाया पडायला आले, आणि ती संकोचून मागे सरकली. रस्ता नंतर दुसऱ्या अंगाने काढला, कारण तिकडची जमीन कोरडी होती. पुलावर आसपासच्या बायका भात वाळत घालू लागल्या. बकऱ्यांना तिथं चढता येत नसल्यामुळे ती जागा फार सोयीची ठरली.

मैनाबाईच्या डोळ्यांपुढून मात्र साहेबांचं ते जेवण हलेना. चार रात्री तिने विचार केला आणि मग आनंदाला उठवून सांगितलं.

"मी चुकले. ठेचा मुख्य न्हाई."

"मग भाकरी ना?" आनंदा आशेने उठून बसला.

"भाकरी बी न्हाई. मुख्य म्हंजी भूक. त्या साहेबानं चामडं खाल्लं, तुमी बघितलं. भूक आसली की कायबी ग्वाड लागतं. आपन आजवर ताटाकडं बघत बसलो."

"भूक तू कुठून आननार?"

"नवापूरहून," मैनाबाई म्हणाली.

तेव्हापासून खानावळीचा नेम बदलला. काम सुटलं की जेवणाऱ्यांनी आधी मैनाबाईबरोबर समुद्रापर्यंत चालत जायचं, लाटेत पाय बुडवायचे आणि चालत परत यायचं. मगच ताट, पुन्हा पहिल्यासारखं भरलेलं. सुरुवातीला माणसं कुरकुरली. कुंभवलीचा लोहार दोन दिवस रुसून बसला. पण जी गेली ती परत येऊन अशी जेवली की ताटं धुवायचं कामच उरेना. वांग्याच्या फोडीसुद्धा राहिनात. मैनाबाई सगळ्यांच्या पुढे चालायची, डोक्यावर पदर, हातात चपला.

आनंदाने मात्र साफ नकार दिला. दिवसभर दगड उचलून मी समुद्र बघायला येणार नाही, म्हणाला. तेव्हा घरी राहून भाकऱ्या थापायचं काम त्याच्याकडे आलं. गवंड्याचा हात, भाकऱ्या जाड, चौकोनी, कडा धारदार. पहिल्या दिवशी तो दाराआड उभा राहून ऐकत होता. नुसता चावण्याचा आवाज येत होता. मग कुणीतरी म्हणालं, "अजून एक." आनंदाने ती स्वतः नेऊन वाढली.

नाबरांच्या जागी नवे ओव्हरसियर आले. त्यांची खोली खानावळीच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की ओटी. पहिल्याच संध्याकाळी ते सगळ्यांबरोबर निघाले, कुणाला काही न विचारता नवापूरपर्यंत गेले, लाटेत उभे राहिले, परत आले आणि पोटभर जेवले. पुढे पालघरला त्यांना कुणी विचारलं, बोईसरला जेवणाची सोय कशी आहे, तेव्हा ते म्हणाले, "खानावळ उत्तम आहे. फक्त जरा लांब पडते."