ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं

सगळा दोष पुंजारामचा. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मी आडून आडून बोलतो असं कोणी म्हणायला नको.

मी फळा बोलतोय. पिंपळगाव रेणुकाईच्या बुद्धविहाराच्या ओसरीवर, भिंतीला टेकून उभा असलेला, उजवा कोपरा तुटलेला. मिरचीचं पोतं घेऊन बाजाराला जाताना तुम्ही मला पाहिलंही असेल. नसेल तरी बिघडत नाही. फळ्याकडे लोक एरवी बघतात ते त्यावर कोणाची तरी फजिती लिहिली असेल तेव्हाच.

मी शाळा सोडलेला आहे. खरं सांगायचं तर शाळेतनं हाकललेला. वीस-बावीस वर्षं चौथीच्या वर्गात काढली. शिकवायचा पुंजाराम, आणि ऐकायचो फक्त मी. पोरं खिडकीबाहेरची माकडं मोजायची. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तीच पोरं जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून माझ्या अंगाला चोळायची. तेवढाच माझा सणवार. मग वर्गात भिंतीएवढा टीव्ही आला आणि मला सायकलींच्या शेडमध्ये फेकलं. पुंजाराम निवृत्त झाला तेव्हा त्याला शाल मिळाली होती, हार मिळाला होता. मला कोंबड्या मिळाल्या. त्या माझ्यावर बसायच्या आणि बसून जे करायचं ते करायच्या.

पुंजारामला हे कळलं तेव्हा तो स्वतः आला. अप्पारावच्या छोट्या हत्तीत, म्हणजे टेम्पोत, घालून मला विहारात आणलं, धुतलं, पुसलं आणि लगेच नियम केला. मास्तर माणूस, नियम केल्याशिवाय त्याला घास जात नाही. नियम असा: गावात काही नवीन करायचं असेल तर ते फळ्यावर लिहायचं. हरकत असेल त्यानं खाली लिहायची, सहीसकट. हरकतीला उत्तर द्यायचं. उत्तर पटलं की ज्यानं हरकत लिहिली त्यानंच ती पुसायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि एक जरी हरकत उभी असेल तरी विहारात ते काम करायचं नाही.

नियम चांगला होता, हे मलाही कबूल आहे. जयंतीच्या डीजेवर मालनबाईची हरकत तीन आठवडे माझ्या अंगावर होती. शेवटी डीजेच रद्द झाला. मालनबाई म्हणजे पुंजारामची बायको. तिनं स्वतःचं नाव पहिल्यांदा लिहिलं ते माझ्यावरच, रात्रीच्या प्रौढ वर्गात. त्या दिवशी ती एवढी दाबून लिहीत होती की तीन खडू मोडले.

पुंजारामची एक खोड मात्र गेली नाही. कोणीही उत्तर लिहिलं की कोपऱ्यात गुण द्यायचा. दहापैकी पाच, दहापैकी सहा. दहापैकी दहा त्यानं आयुष्यात कोणाला दिले नाहीत.

आता प्रेमचं सांगतो. प्रेम हा पुंजारामचा एकुलता नातू. आईबाप लवकर गेले, आजा-आजीनं वाढवला. इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून आला, म्हणून माझं त्याच्यावर विशेष प्रेम. दोघंही अर्ध्यातनं सुटलेले. जालन्यात तो दोन पुरुषांना, दोन बायांना कायद्यानं लग्न करता यावं म्हणून सह्या गोळा करत हिंडायचा. तिथंच त्याला वरद भेटला. वरदनं सही केली आणि मग पेन परतच दिला नाही.

एका सोमवारी प्रेमनं माझ्यावर लिहिलं: 'मी आणि जालन्याचा वरद लग्न करणार आहोत. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, याच विहारात. हरकत असेल त्यानं लिहावं.'

त्या दिवशी विहारात जेवढी गर्दी झाली तेवढी पौर्णिमेच्या वंदनेलाही होत नाही.

पहिला आला अप्पाराव. चार एकर मोसंबीचा मालक, आणि बोलताना प्रत्येक वाक्याला मोसंबीची शपथ. त्यानं लिहिलं: 'हे निसर्गाच्या विरुद्ध आहे.'

प्रेमनं खाली लिहिलं: 'अप्पा, तुमची मोसंबी जंबेरी लिंबाच्या खुंटावर वाढली. कलमाचा डोळा तुम्ही भरला, पट्टी तुम्ही बांधली. निसर्गानं बांधली का? आणि फळ आंबट लागलं का कधी?'

अप्पाराव दोन दिवस यायचा, वाचायचा, मान खाजवायचा आणि जायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पोट्ट्यानं बराबर मळ्यातच गाठलं राव." आणि उपरण्यानं ओळ पुसली. पुंजारामनं कोपऱ्यात लिहिलं, दहापैकी सात.

मग समोरच्या हॉटेलातनं राधेश्याम आला, हाताला बेसन तसंच. 'वंश कसा वाढणार?' त्याच्या वंशाच्या वाढीचं बेसन माझ्या अंगावर अजून आहे.

प्रेमचं उत्तर: 'काका, तुम्ही साठाव्या वर्षी कांताकाकूशी दुसरं लग्न केलं. वाढायला मीच होतो. जिलबी वाढताना वंशाचं कोणीच कसं विचारलं नाही?'

ओसरीवर असा हशा पिकला की वर बसलेली कबुतरं उडाली. राधेश्याम लाल झाला. "आरं, आमचं वेगळं हाय! म्हातारपणाला सोबत नको का मानसाला?"

समोरून कांताबाईचा आवाज आला, "सोबतच मागून राह्यलंय ते पोरगं! पुसा जल्दी, दूध उतू चाललंय!"

त्यानं पुसलं. बायकोपुढे फळा काय चीज आहे.

कल्याण आला तो मोबाईल बघत बघत. कल्याण म्हणजे गावातला होऊ घातलेला पुढारी. गेली बारा वर्षं होतोच आहे. मोबाईलवर आलेलं त्यानं उतरवून काढलं: 'हे परदेशी खूळ आपल्या मातीत रुजणार नाही.'

'कल्याणदादा, मिरची पण सातासमुद्रापलीकडून आली. आज पिंपळगावचा बाजार तिच्यावर चालतो, आणि तुमच्या भाषणाला झणझणीत म्हणतात ते तिच्याच नावानं.'

कल्याणनं पुसलं आणि लगेच दुसरी ओळ लिहिली: 'कोर्टानंच नाही म्हटलंय.'

'कोर्टानं नाही म्हटलं ते कागदाला. कागदासाठी आम्ही भांडतोच आहोत. तुमच्याकडे मागतोय ते टाळ्या वाजवायला दोन हात. त्याला कोर्टाची मनाई आहे का?'

आपल्याला भाषण न करता नुसतं टाळ्यांना बोलावलंय हे कल्याणला थोडं लागलं, पण पुसलं त्यानं. जाता जाता पुटपुटला, "अन् पोरगा दुसऱ्या समाजाचा हाय ते येगळंच." प्रेमला ऐकू गेलं. "दादा, जयंतीला आंतरजातीय जोडप्यांचा सत्कार करता ना? औंदा घरचंच जोडपं घ्या. हाराला लांब जायला नको."

मग मालनबाई आली. ती हसत नव्हती. सावकाश, एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलं: 'लगनच कशाला? ऱ्हावा की तसेच.'

प्रेम खडू घेऊन या ओळीसमोर मांडी घालून बसला. मग लिहिलं: 'आजी, वरदचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण? मी म्हणालो मित्र. ते म्हणाले, मित्रांनी बाहेर बसा. मी सहा तास जिन्यावर बसलो. आतून कोणी एक शब्द सांगितला नाही.'

मालनबाईनं बोट ठेवून ठेवून वाचलं. वाचून झाल्यावर डस्टरसुद्धा घेतला नाही, पंजानंच पुसलं. म्हणाली, "सहा तास? अन् मला फोन न्हाई करायचा रे?"

"काय सांगायचं व्हतं आजी? कोन दवाखान्यात हाय म्हनून?"

संध्याकाळी तिनं पेटीतलं पांढरं लुगडं उन्हाला टाकलेलं मी ओसरीवरून पाहिलं. आमच्याकडे लग्नाला पांढरं नेसतात.

गाव मोकळं झालं. फळा मोकळा झाला. आणि मग, लग्नाला नऊ दिवस असताना, पुंजाराम उठला. या सगळ्या दिवसांत त्यानं गुण दिले होते, मत दिलं नव्हतं. वळणदार अक्षरात त्यानं लिहिलं: 'मी लोकांना तोंड कसं दाखवू?' खाली सही, निवृत्त मुख्याध्यापक या हुद्द्यासकट.

लोक? अहो, लोकांनी तर पुसून टाकलं होतं! अप्पाराव वरातीला गाडी द्यायला तयार होता. राधेश्यामनं जिलबीचं पीठ भिजवायला माणूस ठरवला होता. लोक संपले होते, फक्त पुंजाराम उरला होता. या म्हाताऱ्यांचं असंच असतं. स्वतःला भीती वाटते आणि तिला नाव देतात लोकांचं.

प्रेमनं उत्तर लिहिलं. एवढं नीट अक्षर मी त्याचं कधी पाहिलं नव्हतं.

'आबा, छप्पन साली तुमच्या वडिलांनी दीक्षा घेतली. गावानं त्यांना हेच विचारलं होतं, आता तोंड कसं दाखवशील? ते दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून भर बाजारातनं चालत गेले. ही गोष्ट तुम्ही मला शंभर वेळा सांगितली. मी ती ऐकत होतो.'

पुंजारामनं वाचलं. गुण दिले नाहीत. पुसलंही नाही.

आठ दिवस मी ती ओळ अंगावर वागवली. शनिवारी प्रेमचे दोस्त म्हणाले, "आरं, एक ओळ तर हाय. मार डस्टर, कोन बघून राह्यलंय?"

प्रेमनं डस्टर उचलला. माझा श्वास अडकला, फळ्याला जेवढा असतो तेवढा. मग त्यानं तो खाली ठेवला. "न्हाई. नियम बिलकुल मोडायचा न्हाई. आबांची ओळ हाय, आबाच पुसतील." मग वरदला फोन लावला, "तुमच्याकडंच करू. मंग काय, न्हाई ना पुसलं."

रविवारी सकाळी अख्खी हरकतवाली टोळी छोट्या हत्तीत चढली. राधेश्यामनं हॉटेलला कुलूप लावलं. मालनबाई पांढरं लुगडं नेसून पुढच्या सीटवर. जालना इथून दोन-अडीच तास. लग्न बाराला, वरदच्या आईबापाच्या बिल्डिंगखाली, पार्किंगमध्ये मांडव घालून.

"येता का?" मालनबाईनं विचारलं.

पुंजाराम म्हणाला, "माझी हरकत हाय अजून." कोणी मास्तरला शिकवावं!

गाडी गेली. तो माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसला. जालन्याची नऊची एसटी गेली. त्यानं प्रेमचं उत्तर वाचलं. दहाची एसटी गेली. पुन्हा वाचलं, ओठ हलवत, पोरं वाचतात तसं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. 'वडिलांनी' या शब्दावर बोट ठेवलं आणि तसाच बसून राहिला.

बारा वाजून गेल्यावर उठला. खडू घेतला, कोपऱ्यात लिहिलं, दहापैकी दहा. मग डस्टर घेऊन आपली ओळ पुसली, सहीसकट, हुद्द्यासकट. मग झपाझप नाक्यापर्यंत गेला आणि परत आला. पुढची गाडी तीनला होती.

आता मी ओसरीवरच आहे. प्रेमचं उत्तर आणि ते दहा गुण पुंजाराम कोणाला पुसू देत नाही. नवी सूचना आली की लोक ती कडेला अंग चोरून लिहितात. तुमची हरकत असेल तर जरूर लिहा, मी काळा आहेच त्यासाठी. फक्त उत्तर पटलेलं असताना डस्टर हातात धरून बसू नका. समोरच्यांनी तारीख ठरवलेली असते.

पुंजारामला एकच नातू होता. त्याचं लग्न त्यानं पाहिलं नाही.