अर्ध्या टाकीतला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी पितळी दांडी आहे. लांबीने वीतभर, पण हातात घेतलीत तर जड लागेन. रेल्वे इंजिनाच्या केबिनमध्ये ड्रायव्हरसमोर एक टेबल असते आणि त्या टेबलात एक चौकोनी खाच असते. त्या खाचेत मला बसवून पुढे ढकलले की इंजिन पुढे जाते, मागे ओढले की मागे. आणि मला उपसून पिशवीत टाकले, की ते एवढे मोठे धूड जागचे तसूभरही हलत नाही. नाव दांडी असले, तरी एकवीस वर्षांत मी कामाला एकदाही दांडी मारली नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एका ओतशाळेत माझा जन्म झाला. साच्यातून निघाले तेव्हा मी खडबडीत आणि काळवंडलेली होते. मग कोणी कानशीने घासले, कोणी पॉलिश केले, आणि मी सोन्यासारखी चमकू लागले. माझ्याबरोबर ओतलेल्या बहिणी प्रवासी गाड्यांच्या ड्रायव्हरांकडे गेल्या. मला मात्र एका वेगळ्याच ड्रायव्हरच्या नावावर लिहून दिले. कारखान्यात सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते.

ताईंचे काम चाचणीचे. नवे इंजिन कारखान्यातून बाहेर पडले, की प्रवाशांची गाडी ओढायला जाण्याआधी ते चालवून बघायचे. कारखान्यामागे अकरा किलोमीटरचा चाचणीचा रूळ होता. त्यावर जायचे आणि परत यायचे. वेग वाढवायचा, मध्येच ब्रेक दाबायचा, चढावर थांबवून पुन्हा सुरू करायचे, वळणावर कान टवकारून बसायचे. असे चार-पाच दिवस. मग ताई कागदावर सही करत आणि इंजिन जगात जाई.

काय सांगू तुम्हाला त्या पहिल्या फेरीची मजा! केबिनमध्ये ताज्या रंगाचा वास, खुर्चीवर अजून प्लॅस्टिक, काचांवर कोणाच्या तरी बोटांचे ठसे. तोवर ते इंजिन नुसते लोखंड असायचे. ताई मला खाचेत बसवत, डावा हात माझ्यावर ठेवत आणि हळूच म्हणत, "चला बाईसाहेब, उठा." इंजिन एक हिसका देई, चाके पहिल्यांदा फिरत, आणि तो थरार आधी माझ्या अंगातून जाई, मग ताईंच्या हातात. शेकडो इंजिनांचे पहिले पाऊल मी असे अनुभवले. एकदाही कंटाळा आला नाही.

संध्याकाळी मी ताईंबरोबर घरी जाई, कापडात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत. घरी ताईंचे बाबा असत. ते स्वतः चौतीस वर्षे प्रवासी गाड्यांचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर मला पुसून लख्ख करायचे काम त्यांनी आपणहून घेतले होते. हात माझ्यावर फिरायचा आणि तोंड ताईंवर सुटायचे.

"काय मग, आज कुठपर्यंत मजल?"

"अकरा किलोमीटर, बाबा. तिथून परत."

"म्हणजे दिवसभर गाडी हाकायची आणि पोहोचायचं कुठेच नाही! आमच्या वेळी ड्रायव्हर म्हणजे... स्टेशनात गाडी शिरली की लोक घड्याळं लावायचे."

ताई हसून सोडून देत. पण बाबांचे शब्द त्यांना लागत. तसे झाले की दुसऱ्या दिवशी माझ्यावरची त्यांची पकड जरा जास्त घट्ट असे.

आणि मग ते डिझेल इंजिन आले. निळ्या रंगाचे, देखणे. एकाच नमुन्याची पाच इंजिने त्या महिन्यात तयार झाली होती. चार पास होऊन बाहेर पडली होती, हे पाचवे आणि शेवटचे. शनिवारी ते पाठवायचे ठरले होते.

चाचणीला ताईंच्या शेजारी एक इंजिनिअर बसत. सोबत तारा, डबे आणि आकडे दाखवणारा पडदा. सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणत. माणूस हुशार, पण पडद्यावर जे दिसत नाही ते जगात नाही, असे त्यांचे ठाम मत.

बुधवारी संध्याकाळची शेवटची फेरी होती. ताईंनी जोरात ब्रेक दाबला, आणि मला खालून, इंजिनाच्या पोटातून, एक आवाज जाणवला. ठक.

एकदाच. ताईंचा हात माझ्यावर थिजला.

"साहेब, ऐकलंत?"

"काय?"

"खाली काहीतरी वाजलं."

मोजणीसाहेबांनी पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. "सगळं ठीक आहे, ताई. रुळाचा सांधा असेल."

गुरुवारी सकाळी ताईंनी त्याच जागी सहा वेळा ब्रेक दाबला. काही नाही. वेग बदलून पाहिला, इंजिन उलटे नेऊन पाहिले. ते निळे इंजिन शहाण्या मुलीसारखे वागत होते. मी मात्र मनातून ओरडत होते, 'वाजले होते, मलाही जाणवले होते!' पण पितळेला कुठे वाचा असते?

फोरमन खिडकीशी आले. "ताई, सही करून टाका ना. शनिवार तोंडावर आलाय. आधीच्या चार जणी तर गेल्यासुद्धा."

"उद्या सांगते," ताई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ताईंचे जेवणात लक्ष नव्हते. बाबांच्या ते लक्षात आले.

"घास तोंडात फिरतोय नुसता. काय झालं?"

ताईंनी सांगितले. बाबा या वेळी चेष्टा करतील असे मला वाटले. पण त्यांनी हातातले पाण्याचे भांडे खाली ठेवले आणि एकदम ड्रायव्हरसारखे बसले.

"सांधा नाही तो. सांधा असता तर दर फेरीला तिथेच वाजला असता."

"तेच तर म्हणतेय मी!"

"वाजलं ते कितव्या फेरीला?"

"शेवटच्या. दिवसभर चालवून झाल्यावर."

"आणि आज?"

"आज सकाळीच सगळं आटपलं. दुपारी रूळ दुसऱ्या कामाला दिला होता."

बाबांनी पुढ्यातले ताट बाजूला सरकवले. मग म्हणाले, "टाकीत तेल किती होतं गं?"

ताईंच्या हातातला घास तसाच राहिला. रोज सकाळी टाकी काठोकाठ भरली जाई. बुधवारी मात्र तेलाचा टँकर आला नव्हता, आणि दोन दिवसांच्या फेऱ्या एकाच भरलेल्या टाकीवर झाल्या होत्या. शेवटच्या फेरीला टाकी निम्मी झाली होती, आणि गुरुवारी सकाळी ती पुन्हा काठोकाठ भरली होती! चाचणीच्या सात पानी कागदात तेलाचा रकानाच नव्हता.

"बाबा!" ताई ताटावरून उठल्याच. "तुम्ही... अहो, तुम्ही कमाल केलीत!"

"अगं, आधी जेव तर!" बाबा म्हणाले, पण त्यांचाही चेहरा फुलला होता.

शुक्रवारी सकाळी ताईंनी टाकी अर्धी रिकामी करायला सांगितली. फोरमननी कपाळावर हात मारला. "भरलेली टाकी उपसायची? हे काय नवीन खूळ, ताई?" पण ताई हटल्या नाहीत. तास गेला, दीड तास गेला, आणि शेवटी मी खाचेत बसले.

चाळीसच्या वेगाला ब्रेक. काही नाही. साठच्या वेगाला ब्रेक. काही नाही. मोजणीसाहेबांनी घड्याळ पाहिले. ताईंनी वेग ऐंशीवर नेला. खिडकीबाहेरचे खांब सपासप मागे पळू लागले. ताईंच्या तळव्याला घाम फुटला होता, मी ओली झाले होते. आणि त्यांनी ब्रेक दाबला.

ठक!

मोजणीसाहेब खुर्चीतून ताडकन उठले. "आलं! ताई, आलं! पडद्यावर नाही, पण माझ्या पायाला लागलं! पुन्हा करा!"

पुन्हा केले. ठक! आणखी एकदा. ठक! ती दोन मोठी माणसे लहान मुलांसारखी आनंदाने ओरडत होती, जणू बिघाड नव्हे, खजिनाच सापडला होता.

दुपारी टाकी पूर्ण रिकामी करून, धुऊन, वाफ जाऊ देऊन उघडली. मित्रांनो, अशा टाकीच्या पोटात उभे पत्रे जोडलेले असतात, म्हणजे तेल हिंदकळत नाही. वेल्डरने बॅटरी घेऊन आत डोके घातले आणि त्याचा आवाज घुमत बाहेर आला, "अहो, या पत्र्याला नुसते टाके मारलेत! पक्की जोडणी राहूनच गेलीय. दोन टाके तुटलेत, पत्रा लोंबकळतोय."

टाकी भरलेली असली की तेल त्या पत्र्याला चहूकडून धरून ठेवी. अर्धी झाली की तेल हिंदकळे आणि पत्रा भिंतीवर आपटे.

सगळे खुशीत असताना ताई मात्र एकदम गंभीर झाल्या. "आणि बाहेर गेलेली चार?"

फोरमनचा चेहरा पांढरा पडला. पत्रे जोडणारी माणसे तीच, आठवडाही तोच. त्यांतली तीन इंजिने अजून वाटेवरच्या शेडमध्ये होती. चौथे मात्र तीन दिवसांपासून प्रवासी गाडी ओढत होते.

मोजणीसाहेब फोनकडे अक्षरशः धावले. शेडमधली तीन जागीच अडवली. चौथ्याची गाडी पुढच्या स्टेशनात थांबवली, इंजिन काढून दुसरे लावले. प्रवाशांना चाळीस मिनिटे उशीर झाला, आणि बरेच जण चिडले. चिडू देत. ते इंजिन कारखान्यात आणून टाकी उघडली, तर आतला पत्रा सुटून कोपऱ्याने भिंत घासत होता. तिथली भिंत एवढी पातळ झाली होती, की वेल्डरने अंगठा दाबला तर ती आत गेली. तेल बाहेर आले असते तर ते थेट तापलेल्या ब्रेकवर पडले असते.

ती टाकी उघडली त्या दिवशी घरी आल्यावर ताईंनी सगळे बाबांना सांगितले. बाबा मला पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"चौतीस वर्षं गाड्या चालवल्या," ते म्हणाले, "पण माझ्या आधी त्या खुर्चीत कोणी बसून गेलं असेल, हे कधी मनातच आलं नाही बघ." मग नाक ओढत म्हणाले, "उद्या मला तो तुझा अकरा किलोमीटरचा रूळ दाखव. कुंपणाबाहेरून चालेल."

चाचणीच्या कागदात नवा रकाना आला: टाकीतील तेल. तो आजही आहे.

त्यानंतर पुष्कळ वर्षे आम्ही दोघींनी मजेत काम केले. मग एका सकाळी ताईंनी मला पुढे ढकलले आणि भुवया आक्रसल्या. "हिला किंचित ढिलाई आलीय." चौघांनी हाताळून पाहिले, कोणालाच काही कळेना. ताईंनी मला तपासायला पाठवले. माझ्या मानेवर केसाएवढी भेग निघाली. ताईंनी स्वतःच्या हाताने माझ्या कागदावर लिहिले: वापरास अयोग्य.

खोटे कशाला बोलू, मला फार लागले. एकवीस वर्षांची सोबत, आणि एका केसासाठी! पण लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि अक्षर मात्र जराही हलले नव्हते. तेव्हा कळले, की ज्या प्रेमाने त्यांनी शेकडो इंजिने तपासली, त्याच प्रेमाने मलाही तपासले.

आता मी शिकाऊ ड्रायव्हरांच्या वर्गात टेबलावर असते. चमक गेली आहे, कधी कोणी माझ्यावर चहाचा कप टेकवते, धूळ तर रोजचीच. पण मित्रांनो, माझे एक ऐका. तुमच्या सायकलचा ब्रेक, घरातली शिडी, शाळेतला झोपाळा कधी जरा वेगळा वाजला, तर 'चालतंय की' म्हणून पुढे जाऊ नका. एकदा थांबा, हलवून बघा, कोणाला तरी विचारा. हसतील ते हसू देत.

आणि कधी या वर्गात आलात तर मला हातात घ्या. माझी भेग कोणी लपवलेली नाही, तिच्याभोवती लाल रंगाने गोल काढला आहे. डोळ्यांना नाही दिसायची. नख फिरवा, म्हणजे लागेल.