सरांनी उलटून पाहिलेला बूट

मी एक जुना पळण्याचा बूट आहे, डाव्या पायाचा. उजवा माझा जुळा भाऊ, पण तो पडला अबोल. तेव्हा बोलायचं काम माझ्याकडेच आलं.

मित्रांनो, नवा होतो तेव्हाचा माझा रुबाब काय सांगू! मालक लांब पल्ल्याचा धावपटू होता. त्याचे सर भारी कडक. सराव संपला की आम्हाला उलटं करून तळ पाहायचे. कोण अंगचोरपणा करतो, हे त्यांना झिजेवरून कळायचं.

पुढे मालकाला देवाच्या सेवेची ओढ लागली. शर्यती सोडून तो चर्चचा पाळक झाला. सर भयंकर चिडले. "माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीस," म्हणाले आणि बोलणंच टाकलं. मालकाच्या मनाला ते फार लागलं.

चर्चमध्ये मालकाचे नवे काळे चकचकीत बूट मिरवायचे. आम्ही दाराआड, येणारे-जाणारे आम्हाला बघून नाकं मुरडायचे. पण रोज सकाळी मालक आम्हालाच घालून मंडळीतल्या आजाऱ्यांकडे पळत जायचा. कुणाला औषध न्यायचा, कुणापाशी नुसता बसायचा.

एक दिवस निरोप आला, सर अंथरुणाला खिळलेत. मालक काळे बूट घालून, बायबल घेऊन गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला.

"'मला वर पोहोचवायची एवढी घाई झाली का?' म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं," त्याने बायकोला सांगितलं.

"अहो, पाळक होऊन कशाला गेलात? त्यांचा पोरगा होऊन जा की!"

दुसऱ्या दिवशी तो आम्हाला घालून पळतच गेला. धापा टाकत दारात उभा राहिला. सरांनी नुसता हात पुढे केला. मालकाने मला काढून त्या हातात दिलं. त्यांनी मला उलटं करून माझा तळ चाचपला. भीतीने माझी तर पाचावर धारण बसली.

"टाच अजून बाहेरूनच झिजवतोस. सांगून सांगून थकलो," सर पुटपुटले. मग टाचेवर अंगठा फिरवत म्हणाले, "म्हणजे पळणं सोडलं नाहीस तर."

"नाही सर. आता आजाऱ्यांच्या दारापर्यंत पळतो."

सरांचे डोळे भरून आले. मालक तर लहान मुलासारखा रडला.

"बरं, कर आता तुझी ती प्रार्थना," सर म्हणाले. "पण दमानं. शेवटच्या टप्प्यात नेहमी घाई करतोस तू."

मित्रांनो, आम्हाला चिखलासकट कोपऱ्यात भिरकावू नका, पुसून ठेवत जा. आणि कुणाशी बोलणं तुटलं असेल, तर आजच त्याच्या दारी जा. सरांना पुढचा रविवार काही दिसला नाही.