अनुमोदन

गाठ दुहेरी होती. पिशवीच्या दोन्ही कानांची एक साधी गाठ आणि तिच्यावर आणखी एक, करकचून... हिल्काची नखं पाण्यात राहून राहून मऊ पडलेली, त्यामुळे ती सुटता सुटत नव्हती, आणि कात्री लावावी तर चांगली पिशवी फुकट जाते. पाउला मुद्दामच अशी बांधते, म्हणजे वाटेत वाऱ्यानं तोंड उघडून आतले डबे कुणाला दिसू नयेत. पिशव्यासुद्धा चौकातल्या दुकानाच्या घेते, म्हणजे समोरून येणाऱ्याला वाटावं, बाई खरेदी करून निघाली. चर्चची सेविका ती, कामाला चोख, मनानं चांगली. चांगलीच आहे हो. तिच्या चांगुलपणाचाच तर जाच होतो. सकाळी गरजूंच्या शिध्याच्या रांगेत नाव घेत नाही, ओळख दाखवत नाही, नुसती मान हलवते — आणि संध्याकाळी त्याच सभागृहात, त्याच जागी मांडलेल्या खुर्च्यांवर, चर्चच्या मंडळाची सदस्य म्हणून मी बसले की हीच पाउला माझ्यापुढे सभेचे कागद ठेवणार, आणि मान अगदी तश्शीच हलवणार.

"आजही सवलत होती वाटतं दुकानात," तौनो दारातूनच म्हणाला.

"होती."

"गुरुवारची बरी असते, नाही का? दर गुरुवारची."

नवऱ्याला सगळं ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं, पण कागद गिरणी बंद पडल्यापासूनच्या दोन वर्षांत या घरात काही गोष्टी अशा न बोलताच ठरून गेल्या होत्या. तिनं वाटाण्याच्या सुपाचे दोन डबे पातेल्यात ओतले. गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप, हे तिच्या आईच्या घरापासून चालत आलेलं. फक्त आईच्या घरी ते डब्यातून येत नसे.

तौनोनं टीव्ही लावला. कुठल्याशा देशात पूर आला होता, मंत्री मदत जाहीर करत होता, आणि तौनोच्या जिभेला धार चढली.

"घ्या. तिकडे विहिरी खणा, पूल बांधा. आणि आमच्या इथला दवाखाना हलवा ऐंशी किलोमीटर लांब. उद्या मला कळ आली छातीत, तर मी मेल्यावरच पोचेन तिथं."

"खा आता. निवतंय."

"तू आज काय करणारेस तिथं? आहे ना तो विषय?"

"कुठला?"

"वेड पांघरू नकोस, हिल्का. सगळ्या गावाला माहीत आहे."

सभेच्या कार्यपत्रिकेवर तो विषय आठवा होता. मलावीतल्या एका खेड्यात बाळंतिणींसाठी दोन खोल्यांचा दवाखाना, आणि तिथल्या सुईणीचा पगार गेली एकतीस वर्षं या तळ्याकाठच्या गावातून जायचा. कार्यकारिणीचा ठराव होता की यंदापासून तो बंद करावा आणि ती रक्कम गावातल्या गरजूंकडे वळवावी. गावातल्या गरजूंकडे... म्हणजे पिशवीकडे. म्हणजे माझ्याकडे. ठराव वाचला तेव्हा तिच्या डोक्यात सगळ्यात आधी काय आलं होतं, तर पिशवीत कदाचित कॉफीही येईल. आधी कॉफी, आणि मग लाज. हा क्रम ती कुणाला सांगणार नव्हती.

दुपारी आउनेबाईंचा फोन आला होता. तिसरीत असताना त्यांनी हिल्काला पाढे शिकवले होते. आता वय ब्याऐंशी, तरी आवाजात अजून खडू होता. "मी विरोधी सूचना मांडणार आहे. पण एकट्या माणसाची सूचना टिकत नाही, नियम तुला माहीतच आहे. कुणीतरी अनुमोदन द्यावं लागतं, नाहीतर ती बारगळते, मतदानसुद्धा होत नाही. बाकीच्यांना मी विचारलं, सगळे खोकतात. तू एवढंच कर, अगं. एकच शब्द. भाषण नको."

"बघते, बाई."

"बघू नकोस. म्हण."

आणि ती म्हणणारही होती. खरंच म्हणणार होती — डांबरी रस्त्यावरून चालत जाताना, चारलाच अंधारून आलेल्या त्या नोव्हेंबरात, ती तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवत होती. नव्वदच्या मंदीत काय झालं होतं? तेव्हाही गिरणी निम्मी बसली होती, तेव्हाही तौनो घरी होता, मुलगी तान्ही होती, एका कोबीवर तीन दिवस काढले होते आपण. आणि तरीही याच सभागृहात सगळ्या बायकांनी मिळून लॉटरी काढली होती, मोजे विणून, केक भाजून, त्याच सुईणीसाठी, आणि घरी येताना कसं हलकं वाटलं होतं... तेव्हा मी आजच्यापेक्षा श्रीमंत होते का? छे. पण तेव्हा अख्खं गाव खड्ड्यात होतं. शाळेत तिच्याच वर्गात असलेल्या रैमोचं लोखंडी सामानाचं दुकानसुद्धा बुडता बुडता वाचलं होतं, त्याची बायको तेव्हा हिल्काकडून बटाटे नेत असे. आज खड्ड्यात आम्ही आहोत आणि रैमो काठावर उभा राहून आमची कणव करतोय, दुसरं काय.

सभागृहात सकाळच्या खोक्यांचा वास होता. सतरा जण लांब टेबलाभोवती बसले. पहिले सात विषय भराभरा उरकले; अध्यक्ष रैमो "मान्य?" म्हणे, कुणी काही बोलत नसे, आणि न बोलणं म्हणजेच मान्य म्हणून लाकडी हातोडा पडे. मग आठवा आला.

आउनेबाई उभ्या राहिल्या. "मी सात वर्षांची होते. युद्ध संपलं होतं आणि शाळेत दुधाची भुकटी यायची, परक्या देशातून. त्या देशातही तेव्हा गरीब होतेच, त्यांनी म्हटलं असतं की आधी आमचे, तर त्यांचं काही चुकलं नसतं. फक्त मी आज इथं उभी नसते. माझी सूचना आहे की ही मदत चालू ठेवावी." आणि त्या बसल्या. एवढंच. त्यांना लांबण लावायची सवय नव्हती.

रैमोनं चष्मा काढून पुसला. तो वाईट माणूस नव्हता, आणि नेमकं तेच अवघड होतं. "बाईंचा आपण सगळेच मान ठेवतो," तो म्हणाला. "पण आज सकाळी याच खोलीत, याच खुर्च्यांच्या जागी रांग होती. बाहेर पायऱ्यांपर्यंत. ती आपलीच माणसं आहेत. मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता यायला हवा, एवढंच म्हणतो."

आणि कुणीही हिल्काकडे बघितलं नाही. सोळा माणसांनी एकाच वेळी आपापल्या कपात बघितलं. औषधाच्या दुकानातली मार्केत्ता साखर नसलेली कॉफी ढवळायला लागली. किती सभ्य माणसं. डोळ्याला डोळा द्यायचाय म्हणे, आणि सोळा जणांतल्या एकाचाही डोळा वर उठत नाही... निदान एकानं तरी बघायचं होतं, म्हणजे मी त्याच्याकडे रागानं बघितलं असतं आणि त्या रागात माझा शब्द निघाला असता.

"सूचनेला अनुमोदन आहे?" रैमोनं विचारलं.

शब्द जिभेवर होता. म्हण ना. म्हटलं तर उद्या काय होईल? कुणी काही बोलणार नाही. बोलण्याची पद्धत नाही इथं. फक्त पुढच्या गुरुवारी रांगेत मागच्या माणसाला वाटेल, ही बघा, आमच्या तोंडचं काढून तिकडे पाठवायला निघाली होती, आणि स्वतः आली पिशवी घ्यायला. घेणाऱ्यानं दानशूर व्हायचं नसतं. देण्याचा हक्क आधी जातो, घर नंतर जातं. मग हे म्हणावं का? हेच उभं राहून म्हणावं? ...भिंतीवर त्या सुईणीचा फोटो होता, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं कुणाचं तरी बाळ हातात, आणि ती हसत होती, तोंडभर, आणि हिल्काच्या मनात अचानक असं काही आलं की तिची तीच दचकली: तुझं बरं आहे, बाई. तू लांब आहेस. तू घेतेस तेव्हा तुला कोण बघतं? तुझ्या रांगेत तुझा वर्गमित्र अध्यक्ष नाही. तुलाही कळू दे एकदा. तुझा हात रिकामा राहू दे एकदा, आणि सगळं गाव आपापल्या कपात बघू दे.

इतकं काळं. आपल्यात इतकं काळं कुठून आलं? की होतंच, आणि नव्वद साली केकच्या वासात कळलं नाही?

आउनेबाई आता तिच्याकडे बघत होत्या. त्या एकट्याच बघत होत्या, तिसरीतल्या पोरीला उत्तर येतंय हे माहीत असताना बघावं तशा, धीरानं. हिल्कानं कागदाची कड सरळ केली.

"अनुमोदन नाही. सूचना बारगळली," रैमो म्हणाला. "मान्य?" आणि हातोडा पडला. आवाज काही मोठा नव्हता. टेबलाभोवतीचे खांदे सैल झाले, कुणीतरी थर्मास पुढे सरकवला, आउनेबाईंनी आपल्या कागदावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. घसाच आवळला होता बाई, हिल्का मनात त्यांना सांगत होती, जाताना तुम्हाला सांगेन मी, शब्द आला होता, इथवर आला होता, पण भीतीनं घसा असा आवळला की आवाजच... तुम्ही समजून घ्याल. तुम्ही नेहमीच घेता.

नववा विषय सभागृहाच्या पडद्यांचा. कार्यकारिणीनं करडे सुचवले होते. मार्केत्ता म्हणाली, हिवाळाभर बाहेर करडंच तर असतं, आपण हिरवे घेऊ या, माझी तशी सूचना आहे. एकदोन जण हसले.

"अनुमोदन आहे?"

"अनुमोदन," हिल्का म्हणाली.

लख्ख, भरदार आवाज. टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. तीन वर्षांत पहिल्यांदाच ती या सभेत बोलली होती, आणि आता मात्र सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं, हसून, कौतुकानं, आपल्या माणसाकडे बघावं तसं. रैमोनंसुद्धा, डोळ्याला डोळा देऊन. फक्त आउनेबाईंनी बघितलं नाही. आणि ती बसल्या जागी ताठ, हात मांडीवर, स्वतःचाच तो आवाज अजून कानात घेऊन... घसा आवळला होता, असं आता तिला कुणालाही सांगता येणार नव्हतं.